ओळखीतल्या माणसाची जुनी गाडी घेताना भाव कसा करावा

गावात जुनी मोटारसायकल विकायला निघाली की बातमी आधी पानठेल्यावर येते. कोणाचा पोरगा नोकरीला पुण्याला गेला, कोणी नवी घेतली, कोणाला पेरणीसाठी पैसा पाहिजे. विकणारा बहुधा कोणाचा तरी साळा असतो, नाहीतर तुमच्या धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून असलेला कास्तकार. गाडी पाच-सात वर्षं चालेल, त्याचं तोंड मात्र रोज सकाळी वावरात पाहायचं आहे. दुकानदाराशी करतो तशी घासाघीस इथं चालत नाही. पण लाजून सांगितला तो भाव देऊन आलं, तर विकणाराच मागून हसतो.

१. फोनवर भाव करू नका

हल्ली पोरं फोटो पाहिला की लगेच ‘लास्ट किती?’ असा मेसेज टाकतात. ज्यानं गाडी पाहिलीच नाही त्याला शेवटचा भाव कोण कशाला सांगेल? फोनवर तीनच गोष्टी विचारा: मॉडेल किती सालचं, कागद कोणाच्या नावावर, आणि पाहायला केव्हा येऊ. गाडीचा नंबर मिळाला तर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून पाहा, ते सरकारी आहे. नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे घरी बसूनच कळतं. दंडाची जुनी चलनंही तपासून घ्या.

शनिवारी जाऊ नका. तुमचा विश्वास नसेलही, पण शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत असं मानणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या दिवशी सौदा पुढं सरकत नाही आणि पेट्रोल फुकट जातं.

२. सकाळी जा, इंजिन थंड असताना

गाडीजवळ गेल्यावर चावी मागायच्या आधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ती सुरू करून ठेवली आहे. मुद्दाम असेल असं नाही, पोरगा दूध घालून आला असेल. पण थंड गाडी किती किकांत उठते, हे मग कळत नाही. चहा घ्या, गप्पा मारा, तासभर थांबा.

सुरू झाली की सायलेन्सरकडे पाहा. निळसर धूर सारखा येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतं आहे, आणि ते काम किरकोळ नसतं. चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, बॅटरी, क्लच एकेक करून पाहा. स्वतःला कळत नसेल तर मिस्त्री सोबत न्या, पण त्याला आधीच सांगून ठेवा, मालकासमोर ‘ही तर डबडा आहे’ असलं बोलायचं नाही. त्याच गाडीवर त्या माणसानं बायकोला माहेराहून आणलेलं असतं, पोराला शाळेत सोडलेलं असतं. दोष सांगायचा तर वस्तूचा सांगा, आणि बोट ठेवून सांगा. ‘मागचा टायर गुळगुळीत झाला, हा बदलावाच लागेल’ हे कोणालाही पटतं. ‘गाडीत काही दम नाही’ यात भावाचा मुद्दाच नाही, तो नुसता टोमणा झाला.

३. कागद पाहून मगच आकडा

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कोणाचं ते वाचा. समोर बसलेल्या माणसाचं नसेल तर ज्याचं आहे त्याची सही लागणार. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटलेलं असेल तरी बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र हवं. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं.

विमा संपला असेल तर तो भावात धरता येतो. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा, हप्ता २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ७१४ रुपये आहे, वर जीएसटी. मोठी रक्कम नाही, म्हणून त्यासाठी दोन हजार कमी मागू नका. खरा खर्च १५ वर्षं पूर्ण होत आलेल्या गाडीला असतो, कारण तिथं नोंदणीचं नूतनीकरण तुमच्या गळ्यात येतं.

४. आता भाव

बैलबाजारात दोघं दुपट्ट्याखाली हात घालून बोटांवर आकडा सांगतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात, भाव मात्र त्या दोघांतच राहतो. त्या पद्धतीतलं शहाणपण इथं कामाचं आहे. अंगणात शेजारी-पाजारी जमले असताना आकडा बोलू नका. चारचौघांसमोर ‘बावीस’ म्हटलं की मालकाला भावापेक्षा इज्जतीची काळजी पडते, आणि मग तो हटत नाही.

बाजूला बसून पहिला आकडा त्यालाच बोलू द्या. बोलणं साधारण असं चालतं:

“काकाजी, मनात किती धरले तुम्ही?”

“बत्तीस म्हन्तो मी. तू सांग ना बाप्पा.”

“टायर आन् चेन-स्प्रॉकेट टाकाच लागते, बॅटरी बी गेली आहे. सत्तावीस होते माझ्याकडून.”

“सत्तावीसले नाही जमत. चांगली ठेवली हो म्या.”

इथं घाई करू नका. गप्प बसलं तरी चालतं. काकाजी तीसवर येतील, तुम्ही अठ्ठावीसवर जा, आणि एकोणतीसला हातावर हात पडेल. रोख कमी होत नसेल तर दुसरं काही मागा: हेल्मेट, दुसरी चावी, नाहीतर नाव बदलायचा खर्च अर्धा-अर्धा. बत्तीसच्या गाडीला पंधरा मागणं ही हुशारी नाही. त्यावर माणूस आत निघून जातो आणि चहा अर्धाच राहतो.

एक गोष्ट मी स्वतः चुकलो आहे. एका मामाजींना म्हटलं, ‘पंचवीसला देता का?’ ते लगेच ‘ने’ म्हणाले. इतक्या लवकर हो म्हणाले म्हणून मला वाटलं, जास्तच बोललो. तोंडातून गेलं, ‘चोवीस करा ना मग.’ मामाजींनी चावी उचलून खिशात घातली. गाडी गेली ती गेली, पुढं दोन वर्षं लग्नाकार्यात भेटले तरी नुसतं ‘हं’ म्हणायचे. आपण बोललेला आकडा समोरच्यानं मान्य केला की खाली उतरायचं नाही.

आणखी एक. कोणी दुसरा तिथं भाव करत बसला असेल तर त्याच्या बोलण्यात वर बोली टाकू नका. त्याचं जमलं नाही तर मग तुमची पाळी.

५. अडचण दिसली तर

मृगाच्या तोंडावर, बियाणं-खत घ्यायच्या दिवसांत निघालेली गाडी बहुतेक वेळा अडचणीतली असते. ती स्वस्तात मिळेल हे तुम्हाला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. टायरचे, बॅटरीचे पैसे जरूर कमी करा, पण त्याच्या गरजेचे करू नका. कापूस घरात आल्यावर हीच गाडी कितीला गेली असती, तो आकडा मनात धरून बोला.

घरधनी गेल्यावर बाई गाडी विकत असेल तर थेट खरेदी होतच नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. त्या कामाला तुम्ही सोबत गेलात तर भावाचं बोलणं सोपं होतं. बोलणं मात्र तिच्या भावाशी किंवा मोठ्या पोराशी, तिच्यादेखत करा. तिला वगळून करू नका.

६. इसार आणि त्यानंतर

भाव ठरला की इसार द्या, ५०१ किंवा १००१, आणि एका माणसासमोर द्या. इसार दिल्यावर आपण फिरलो तर तो गेला. विकणारा फिरला तर दुप्पट परत, अशी जुनी रीत आहे. बाकी पैसे देताना दोघांच्या सह्यांची साधी चिठ्ठी करा. त्यात तारीख आणि गाडी हातात दिल्याची वेळसुद्धा लिहा. चिठ्ठी म्हणजे नावबदल नव्हे. नोंदणीत नाव जुन्या मालकाचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आठ दिवसांनी क्लच वायर तुटली म्हणून पैसे मागायला जाऊ नका. मोठी गोष्ट लपवलेली निघाली, तर एकटे जा आणि घरात बसून बोला. पानठेल्यावर ‘कितीत घेतली?’ असं विचारतीलच. ‘जमलं आमचं’ एवढं म्हणून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटायला सांगा.

आरसी तुमच्या नावावर होऊन आली की काकाजींच्या घरी जाऊन ती दाखवून या.