कंबरेच्या ऑपरेशननंतर ऑस्टिओपॅथीचे उपचार कसे घ्यावेत

बडोद्यात कंबरेचे ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. चांगल्या मालिशवाल्याला बोलावून घ्या, आणि थोडा वेळ झोपाळ्यावर बसा, बरे वाटेल. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून मी दोन्हींना नकोच म्हणते. झोपाळा बसता-उठताना खालून सरकतो आणि ऑपरेशन झालेल्या जागेला हिसका बसतो, तर मालिशवाल्याला आत काय कापले, काय बसवले, हे ठाऊक नसते.

ऑस्टिओपॅथी म्हणजे मालिश नव्हे. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८७४ मध्ये ही पद्धत मांडली. सांधे, स्नायू आणि त्यांवरील आवरणे यांतला ताठरपणा हाताने ओळखून तो हलकेच सैल करणे, हा तिचा गाभा आहे. आपल्याकडे हे उपचार बहुधा जादा प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट करतात, म्हणून आधी त्यांची मूळ पदवी आणि नोंदणी विचारून घ्या. विचारण्यात संकोच नको.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. सरकलेल्या गादीचा तुकडा काढला आहे, नस मोकळी करण्यासाठी मणक्याचे हाड कापले आहे, की स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडले आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून असते. जोडलेले हाड एकजीव व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. कोणत्या आठवड्यापासून उपचार चालतील आणि कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत, हे सर्जनकडून लिहून घ्या.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर कंबरेला कोणाचाही हात लागू देऊ नये. या दिवसांतला खरा उपचार म्हणजे चालणे: आधी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून अनेकदा, आणि पुढे कमाटीबागेतल्या सपाट वाटेवर, सकाळी गर्दी वाढण्याआधी. अंथरुणातून उठताना गुडघे दुमडावेत, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपर व तळहातावर भार देऊन उठावे. वाकणे, वजन उचलणे आणि कंबर पिळणे टाळावे.

परवानगी मिळाल्यावरही चांगला उपचारक सुरुवात जखमेपासून दूर करतो. दुखण्याच्या धास्तीने माणूस आठवडेच्या आठवडे श्वास अर्धवट घेत राहतो, म्हणून उपचारक बरगड्यांच्या खालच्या कडेवर तळहात ठेवून तुमच्या उच्छ्वासाबरोबर हात हलकेच आत जाऊ देतो, आणि श्वासपटल सैल होऊ लागते. मग मांड्या, नितंब, पाठीचा वरचा भाग. तुम्ही पायाने त्याच्या हाताविरुद्ध पाचेक सेकंद हलका जोर लावायचा आणि सोडायचा, अशी एक पद्धत आहे. तिने आखडलेला स्नायू न दुखवता लांबवता येतो. जखम पूर्ण कोरडी होऊन खपली गेल्यावर, बहुधा सहा आठवड्यांनंतर, व्रणाजवळची त्वचा दोन बोटांनी चारही दिशांना हळू सरकवायची असते. हे शिकून घ्या, घरचे माणूसही ते करू शकते. कडकन आवाज काढणारा झटका मात्र ऑपरेशनच्या जागी अजिबात नको, आणि कोणी आग्रह धरला तर टेबलावरून उठून या.

उपचारानंतर एखादा दिवस अंग आंबल्यासारखे वाटणे चालते. पायात नव्याने कळ गेली किंवा मुंग्या आल्या, तर उपचार थांबवून सर्जनला कळवा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पाऊल लुळे पडणे, ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज: यांपैकी काहीही दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

या उपचारांचा ऑपरेशननंतरच्या रुग्णांवर झालेला अभ्यास अजून थोडा आहे, त्यामुळे वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नयेत. चार बैठकांनंतर चालण्याचे अंतर वाढले का, झोप सुधारली का, हे पाहून पुढचे ठरवावे, आणि व्यायाम त्यांच्या जोडीने चालूच ठेवावा.

नवरात्र जवळ आले, की प्रत्येक जण गरब्याचे विचारतो. मणके जोडले असतील, तर दुखणे पूर्ण थांबले असले तरी, एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसून सर्जनने होकार देईपर्यंत गिरकी घेऊ नये. मैदानाच्या कडेला पाठ टेकता येईल अशी खुर्ची मागून घ्यावी आणि दर अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे.