अंतराळातले चाचे आणि तस्कर लिहिताय? या चुका टाळा

कॉलेजच्या हस्तलिखित अंकात किंवा दोनशे पानी वहीत अंतराळ-साहसाची कादंबरी सुरू होते, तेव्हा पहिली दोन प्रकरणं जोरात असतात. काळं यान, एका डोळ्याचा कप्तान, मागे पोलिसांचा ताफा. तिसऱ्या प्रकरणात गाडं रुततं. मग लिहिणारा आणखी एक ग्रह आणतो, आणखी मोठी तोफ आणतो, तरी ते हलत नाही. यानात माल कोणता आहे, तो कुठे स्वस्त आणि कुठे महाग आहे, मध्ये अडवतो कोण, हे त्यानं ठरवलेलंच नसतं. ‘मौल्यवान ऊर्जा-स्फटिक’ एवढं लिहून भागत नाही. ते कोण विकत घेतं आणि उघडपणे का घेऊ शकत नाही?

तस्करीचं हे गणित शिकायला विदर्भातल्या माणसानं लांब जायची गरज नाही. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. बाहेर भाव चढला की वरुडकडून पांढुर्ण्याच्या, यवतमाळकडून आदिलाबादच्या बाजूला कापूस रातोरात निघायचा. इथला भाव चढा असला की तिकडचाच कापूस गुपचूप इकडे यायचा. माल तोच, नाका तोच, फक्त गाडीचं तोंड फिरायचं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, एका बैठकीत तीन प्रकरणांचं सामान मिळेल.

माल निवडताना वजनाकडे आधी पाहा. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत टिकायलाच सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. पुढे जाण्याचं इंधन वेगळं, आणि पोचल्यावर थांबायला पुन्हा इंधन. गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोहखनिज ट्रकनं परवडतं. तेच चोरून मंगळावरून पृथ्वीवर आणणारा तस्कर पहिल्याच खेपेत बुडेल. हलका, लहान आणि बंदी असलेला माल हवा. एचटीबीटी, म्हणजे तणनाशक फवारलं तरी न मरणाऱ्या कपाशीचं बियाणं घ्या. देशात त्याला मंजुरी नाही, तरी हंगामाच्या तोंडावर ते गावोगाव पोचतं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते उघड-उघड पेरलंसुद्धा. बियाण्याची पिशवी जेमतेम अर्ध्या किलोची असते. मंगळावरच्या वस्तीत बियाणं एकाच कंपनीचं चालत असेल, तर एका झोळीभर चोरबियाण्यासाठी यान नेणं परवडेल आणि वाचकालाही पटेल. नुसती ‘गुप्त माहिती’ नेणारं यान मात्र पटत नाही. माहिती रेडिओनं जाते.

दुसरी मोठी चूक लपण्याची. आपले कप्तान बटण दाबून यान अदृश्य करतात. पण आत माणसं जगायची तर यान उबदार लागतं, आणि मागचं आकाश उणे २७० अंशांचं. ती ऊब अवरक्त दुर्बिणीत दिसतेच. इंजिन पेटवलं तर मग विचारूच नका. म्हणून शहाणा तस्कर यान लपवतच नाही, तो कागद सांभाळतो. वाळूघाटाच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रॉयल्टीची पावती एक आणि तिच्यावर खेपा चार. सागवानाच्या लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा लागतो, तर ठसाच नकली बनवणारे निघतात. अंतराळातही यान सगळ्यांना दिसू द्या. त्याचा नोंदणी क्रमांक दुसऱ्याचा असू द्या, मालाच्या यादीत ‘सुटे भाग’ लिहिलेलं असू द्या आणि तपासणी करणाऱ्या बाईला हातोड्याचा खरा ठसा ओळखता येऊ द्या. त्या एका प्रसंगात तोफांच्या दहा पानांपेक्षा जास्त ताण येईल.

आता लूट. इथे बहुतेक वह्या चित्रपटातल्या मोटारींच्या पाठलागावर चालतात, आणि ते अंतराळात होत नाही. जोरात आलेलं यान पुढच्याला गाठत नाही, त्याच्या बाजूनं निघून जातं. दोघांच्या वेगात सेकंदाला पाच किलोमीटरचा फरक असेल, तर लुटीचा प्रयत्न म्हणजे न थांबणाऱ्या एक्स्प्रेसच्या दारातून फलाटावरच्या माणसाची पिशवी ओढणं. चढायचं असेल तर वेग आणि दिशा दोन्ही जुळवावी लागते, म्हणजे जवळपास त्याच मार्गानं, त्याच सुमारास निघावं लागतं. पृथ्वीवरून कमीत कमी इंधनात मंगळावर जायला साधारण साडेआठ महिने लागतात, आणि तशी संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. त्या हंगामात सगळी मालवाहू यानं एकदमच निघतात. मग चाचा कोण? ताफ्यातलाच एक. महिनोन्महिने शेजारून चाललेला, सणाला शुभेच्छा पाठवणारा, कदाचित समोरच्या यानाच्या स्वयंपाक्याला आधीच फोडून ठेवलेला. माझ्या मते ही अडचण कादंबरीला मिळालेली देणगी आहे. इतका वेळ सोबत राहून लुटायचं, तर माणसांबद्दल लिहावंच लागतं.

बारीक चुका पटकन सांगतो. निर्वात जागेत स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही, यानाच्या आतली थरथर लिहा. शिरस्त्राण फुटलं की माणूस फुग्यासारखा फुटत नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, आणि तेवढ्यात कोणी आत ओढलं तर वाचूही शकतो. लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवत यान पळवणं सोडून द्या. तिथे एका दगडापासून दुसरा बहुधा लाखो किलोमीटर दूर असतो. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये तो पट्टा सुखरूप पार करून गेलं. आणि चारशे किलोमीटर उंचीवरच्या अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण ‘संपलेलं’ नसतं, जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असतं. माणसं तरंगतात, कारण स्थानकासकट तीही सतत पडत असतात.

संवादात वेळेचा घोळ फार. मंगळावरचा कप्तान आणि पृथ्वीवरचा पोलीस अधिकारी फोनवर भांडताना दाखवतात. संदेश एका बाजूनं पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. धमकीला उत्तर येईपर्यंत चहा होतो. हा उशीर वापरा. वरून हुकूम येण्याआधी नाक्यावरच्या शिपायाला स्वतःच ठरवायचं असतं, आणि लाच त्याच फटीत शिरते.

भाषेचा मुद्दा मला जास्त खटकतो. कप्तान पुणेरी प्रमाण भाषेत हुकूम सोडतो आणि वऱ्हाडी बोलतो तो इंजिनखोलीतला विनोदी मेकॅनिक. आपलीच पोरं असं लिहितात. ‘अबे, इंजिन गरम होऊन राह्यलं, तुले दिसत नाही का?’ हे कप्तानाच्या तोंडी द्या, रागात द्या, आणि बघा तो किती खरा वाटतो. झोरान, क्रेटॉर ही नावंही जाऊ द्या.

गोष्ट सुरू कुठून करावी, हे सुचत नसेल तर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातलं लाडबोरी आठवा. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत काहीतरी आलं आणि सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं गावात पडलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असा जाणकारांचा अंदाज होता. १९६७ च्या अंतराळ करारानुसार असा तुकडा कुठेही पडला तरी मालकी मूळ देशाकडेच राहते. म्हणजे रात्रीतून ते कडं उचलणारा भंगारवाला तिथेच अंतराळ-तस्कर झाला. त्याच्याकडे यान नाही, टेम्पो आहे. पहिलं प्रकरण तयार.

शेवट जमत नाही, ही तक्रारही नेहमीची. सगळे मरतात किंवा कप्तान ‘नव्या क्षितिजाकडे’ निघून जातो. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात धाडी घालणाऱ्या पेंढाऱ्यांचं काय झालं ते पाहा. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांना मोडलं. त्यांचा एक म्होरक्या करीम खान शरण गेला आणि गोरखपूरकडे जमीन घेऊन बसला. दुसरा म्होरक्या चितू शरण गेला नाही, त्याला असीरगडच्या बाजूच्या जंगलात वाघानं मारलं. याहून वेगळा शेवट हवा असेल तर चंद्रपूर जिल्हा आहे. तिथे २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. ज्याचं सगळं घर बंदीवर चालतं, त्याच्या दृष्टीनं बंदी उठल्याची बातमी ही छाप्यापेक्षा वाईट. बियाणं भरून निघालेल्या कप्तानाला मंगळापासून महिनाभर अंतरावर असताना असा संदेश येऊ द्या. माल कायदेशीर झाला, भाव कोसळला, इंधन परतीपुरतं नाही, आणि शेजारच्या यानातल्या चाच्याला हे अजून कळलेलं नाही.