कर्नलमधून मेमरी गळायचा ‘लो’ बग आला तर लॅबच्या पीसीवर काय करायचं

लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत लिनक्सच्या पीसीवर दिवसभर वेगवेगळी पोरं बसतेत, त्यामुळं कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या मुख्य प्रोग्रामचा, कुठलाबी सिक्युरिटी बग आला की मी नीट वाचतो, पण त्याच्यापुढं ‘लो’, म्हणजे धोका कमी, असं लिहिलेलं दिसलं की लई जण तसंच सोडून देतेत, म्हणून हे लिहायलोय.

आधी गळतंय काय ते बगा. प्रोग्रामनं काही विचारलं की कर्नल उत्तर एका स्ट्रक्चरमधी, म्हणजे मेमरीतल्या ठरलेल्या रकान्यांमधी, भरून देतो. समजा त्यात आधी 4 बाइटचा आकडा आणि मग 8 बाइटचा आहे, तर 64-बिट मशीनवर मधी 4 बाइट मोकळे सुटतेत, अन् ती जागा आधी शून्यानं पुसली नसली तर तिथं पडलेलं जुनं कायबी उत्तरासोबत बाहेर जातं. आडत दुकानात जुन्या कागदाच्या पाठीवर पट्टी लिहून दिल्यासारखं आहे हे, तुमच्या तुरीचा हिशोब एकदम बरोबर, पण कागद उलटा केला की दुसऱ्याच्या सोयाबीनचं वजन दिसतंय.

लो कशामुळं? मशीनवर लॉगिन लागतं, बाइट थोडेच मिळतेत, काही बदलता येत नाही. सीव्हीएसएसमधी, म्हणजे बगच्या धोक्याला मार्क द्यायच्या पद्धतीत, 0.1 ते 3.9 म्हणजे लो, असल्या बगला बऱ्याचदा 3.3 पडतो. पण त्या बाइटमधी कर्नलचा मेमरीतला एखादा पत्ता आला तर केएएसएलआर, म्हणजे दर बूटला कर्नल वेगळ्या जागी बसवायची सोय, तिचा उपयोग गेला आणि दुसरा मोठा बग वापरणाऱ्याला रस्ता मोकळा झाला. एकट्याच्या लॅपटॉपवर चार दिवस थांबलं तर चालतंय, सगळ्यांच्या पीसीवर थांबू नका.

आता काम. टर्मिनलमधी ‘युनेम -आर’ मारून चालू कर्नलचं व्हर्जन लिहून ठेवा. नुसत्या नंबरवरून ठरवू नका राव, उबुंटू-डेबियनवाले दुरुस्ती जुन्याच व्हर्जनमधी आणून बसवतेत, म्हणून आपल्या डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटू-डेबियनसारखं जे लिनक्स टाकलंय त्याच्या, नोटिशीत बगचा सीव्हीई नंबर, म्हणजे त्याचा ओळख नंबर, शोधा आणि कुठल्या पॅकेजमधी दुरुस्त झालाय ते बगा. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं चालवणं) आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, यूपीएस नसंल तर लाईट जायच्या टायमाला हे काढूच नका. मधीच गेली तर परत चालू करून आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा.

अन् रीस्टार्ट करा! इथंच सगळे चुकतेत, अपडेट डिस्कवर बसतं पण मेमरीत जुनाच कर्नल चालू राहतो, पीसी महिनाभर बंद केला नाही तर महिनाभर बग तसाच. चालू झाल्यावर परत ‘युनेम -आर’ मारून आधी लिहिलेल्याशी ताडून बगा.

जमलं तर सिसकंट्रोलमधी, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमधी, ‘कर्नल.केपीटीआर_रिस्ट्रिक्ट’ 2 आणि ‘कर्नल.डीमेसेज_रिस्ट्रिक्ट’ 1 करून टाका, म्हणजे साध्या युजरला कर्नलचे पत्ते आणि लॉग सरळ दिसत नाहीत. यानं मूळ बग जात नाही, त्याला अपडेटच लागतं. आणि पोरांना सुडोचा पासवर्ड देऊ नका, साधं अकाउंट काढून द्या.