वेस्टमिन्स्टरची इंटर्नशिप आणि कॉलेज एकदम कसं सांभाळायचं

लंडनला शिकता शिकता ब्रिटिश संसदेत इंटर्नशिप करायची असेल तर आधी व्हिसा वाचा. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला सहसा 20 तासच काम करता येतं, बिनपगारी कामही त्यातच धरतात. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग असेल तर नियम वेगळे.

खासदार 650 आहेत. सगळ्यांना एकच ईमेल ढकलू नका, आपल्या विषयात रस असलेले चारपाच निवडा. संसदेत शिरायच्या पाससाठी सुरक्षा तपासणी होते, तिला वेळ लागतो.

खरं काम म्हणजे खासदाराला आलेली लोकांची पत्रं. मी पत्र वाचायच्याही आधी पोस्टकोड बघते, कारण दुसऱ्याच्या मतदारसंघातलं प्रकरण खासदार सहसा हातात घेत नाहीत. घरभाडं, व्हिसा, भत्ते. ब्रिटन इथेच कळतो, वर्गात नाही. मध्येच मतदानाची घंटा वाजते आणि आमच्या खासदार बाई वाक्य अर्धवट टाकून पळतात. 8 मिनिटांत मतदानाच्या लॉबीचे दरवाजे बंद!

बुधवारी दुपारी 12 ला पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, त्या वेळेचं लेक्चर निवडूच नका. शुक्रवारी बहुतेक खासदार मतदारसंघात असतात. निबंध तेव्हा उरका.