'दमलाय का' विचारलं आणि सहा महिने पाण्यात गेले

रिचर्ड रुबिन अवॉर्डचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते मिरज स्टेशनवर, कोल्हापूरची गाडी लेट होती म्हणून मोबाईल चाळत बसले होते. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन हे अवॉर्ड देते, डायबिटीसमधल्या वागणुकीवरच्या रिसर्चला. म्हणजे माणूस गोळी का चुकवतो, इन्सुलिन म्हटलं की का घाबरतो, सगळं माहीत असून कंदी पेढ्याकडे हात का जातो, असले प्रश्न. रुबिन स्वतः जॉन्स हॉपकिन्समधले सायकॉलॉजिस्ट, बहिणीला आणि मुलाला टाइप १ डायबिटीस, त्यामुळे विषय त्यांच्या घरातलाच. मी एमए सायकॉलॉजी, सांगलीत एका क्लिनिकला काउन्सेलर, पगार सांगण्यासारखा नाही आणि स्वप्न मात्र डायरेक्ट अमेरिकेचं. हसा. पण ते अवॉर्ड एका पेपरचं नसतं, वर्षानुवर्षांच्या कामाचं असतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) काय, पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायचे नऊ प्रश्न) काय, एथिक्स कमिटी (रिसर्चला परवानगी देणारी समिती) काय, त्यात जात नाही. तुम्हालाही असला रिसर्च करायचा असेल तर मी कुठं आपटले ते सांगते.

मला डायबिटीसचा वैताग आणि शुगर यांचा संबंध बघायचा होता. स्केल, म्हणजे वैताग मोजायची प्रश्नावली, घेतला पेड (PAID). २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरजेला १.२५ नं गुणलं की १०० पैकी स्कोअर, ४० किंवा त्याच्या वर गेला की माणूस डायबिटीसला खरंच वैतागलाय असं धरायचं. इंग्रजीत होता. मला वाटलं आपल्याला मराठी येतं की, करू एका रात्रीत. केलं. शेवटचा, विसावा प्रश्न 'बर्न्ड आउट', म्हणजे मनानं विटून गेल्यासारखं, वाटण्याबद्दलचा, डायबिटीस सांभाळायच्या रोजच्या खटाटोपानं. मी लिहिलं, 'डायबिटीस सांभाळताना दमल्यासारखं वाटतं का?'

आता आपल्याकडं दमणं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. तासगावकडच्या एक आजी म्हणाल्या, "व्हय की, जिना चढला की लई दम लागतो." मी ४ वर टिक केलं आणि पुढचा प्रश्न वाचला!! बरं, शुगर वाढली की अंगात थकवा येतोच, त्यामुळं ज्यांची शुगर जास्त त्यांचा स्कोअर जास्त, आणि माझा कोरिलेशन (शुगर आणि स्कोअर यांचा संबंध) इतका देखणा आला की मी घरी आईला पेढे आणायला लावले. एकट्या एका प्रश्नानं एवढं होत नाही हे खरं, पण असले चार-पाच प्रश्न मी तसेच बिघडवले होते, मनाचं विचारायचं तिथं शरीराचं विचारलं होतं. कॉन्फरन्सला माझ्या रिसर्चच्या पोस्टरसमोर एका परीक्षक बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "बर्न्ड आउटचं मराठी काय केलंत?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या पोस्टरकडे गेल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून परत परत सांगते, स्केलला हात लावायच्या आधी त्याच्या मालकाला मेल करा, लेखी परवानगी मागा, मराठी व्हर्जन आधीच आहे का ते विचारा. मोरिस्की स्केलच्या (पेशंट औषधं नीट घेतो का ते मोजणारा) लायसन्सवरून लोकांना छापलेले पेपर मागे घ्यावे लागलेत, चेष्टा नाही. मराठी नसेलच तर दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग ज्यानं मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही त्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं कुठं घसरलंय. आणि त्यानंतर (हे लोक गाळतात, मीपण गाळलं) आठ-दहा पेशंटना प्रश्न वाचून दाखवून विचारायचं, "यातनं तुम्हाला काय कळलं?" स्कोअर नको, नुसतं काय कळलं. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात (आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) देशात १० कोटींवर डायबिटीसवाले निघाले, त्यातल्या कितीजणांशी आपण त्यांच्या शब्दांत बोलतो?

गाईडबद्दल माझं मत कडू आहे. मोठ्या नावाचा गाईड घेऊ नका, फोन उचलणारा घ्या. माझ्या गाईडनी माझी प्रश्नावली सही करायच्या पानापुरतीच बघितली होती. आणि कॉलेजबाहेर डेटा अ‍ॅनालिसिस करून देणारे बसलेले असतात, त्यांच्याकडं गेलात तर पी व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोग नाही हे दाखवायचा आकडा) मिळेल, पण कुणी प्रश्न विचारला की तोंड उघडता येणार नाही. 'बेस्ट रिसर्चर अवॉर्ड, फी एवढी एवढी' असले मेल तर सरळ डिलीट. पैसे भरून मिळतं ते अवॉर्ड नाही, पावती आहे.

बाकी घाबरू नका. एमबीबीएसवाले असाल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची स्टुडंटशिप आहे, तिथनं सुरुवात होते. आमच्यासारख्यांनी डायबिटीसच्या एखाद्या डॉक्टरला गाठून ओपीडीत बसायची परवानगी काढावी, महिनाभर नुसतं ऐकावं. फक्त कॅलेंडर बघा, ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी लागली की मणेराजुरीकडचे पेशंट फॉलोअपला फिरकत नाहीत, आणि तुम्ही बसाल त्यांना 'बेफिकीर' लिहून.

मी सगळे फॉर्म बाजूला ठेवले, परत सुरू केलं. रडून झाल्यावर. यावेळी पेशंटच्याच तोंडचा शब्द घेतला, 'रोजरोज पथ्यपाणी सांभाळून वैताग आलाय का?' योगायोगानं त्याच आजी आल्या, सोबत सून होती. प्रश्न ऐकला, पिशवी मांडीवरनं खाली ठेवली, सुनेकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "हिला जरा भायेर पाठव, मग सांगते."