मागची चाकं गरगरायची थांबली
ड्रॅग रेसमध्ये (सरळ पट्ट्यावरची कमी अंतराची शर्यत) दिवा हिरवा झाला की माझी गाडी पुढे सुटायच्या ऐवजी मागची चाकं नुसती गरगरायची. पहिल्या ६० फुटांतच शर्यत हातची जायची. कितीतरी दिवस मी क्लचलाच दोष देत होतो. शेवटी सुटताना टायरचा रस्त्यावर उमटलेला पट्टा वाकून पाहिला: मधोमध काळाकुट्ट, कडांना जेमतेम. म्हणजे हवा जास्त! ड्रॅग रेडियलमधली (अशा शर्यतीसाठीच्या खास टायरमधली) हवा २६ पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं एकक) एकेक करत १८ वर आणली, तेव्हा कुठे पट्टा कडेपर्यंत सारखा उमटला. (गाडी हलकी-जड असेल तसा आकडा बदलतो, कंपनीने सांगितलेल्या किमान दाबाखाली मात्र जाऊ नका.)

दुसरी चूक पाण्याची. शर्यतीआधी टायर तापवायला चाकं जागच्या जागी फिरवतात, तो बर्नआउट. त्यासाठी ट्रॅकवर ओतलेल्या भर पाण्यात गाडी उभी करून तो केला की टायरच्या खाचांत अडकलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनपर्यंत यायचं. आता पाणी ओलांडून, नुसत्या ओलसर जागेवर, धूर दिसेपर्यंतच चाकं फिरवतो.