मंडईच्या दिवशी जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं प्रदर्शन कसं भरवावं

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकी-जावई, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं गावात असतात आणि रात्री नाटक असतं. गावातली जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं लोकांपुढे मांडायची तर याच दिवशी, दुपारी. नाटकाचे वाजवणारे तेव्हा गावात पोचलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत मोकळे असतात.

एक गोष्ट आधीच ठरवा: वाद्य वाजलं पाहिजे. मुका कीबोर्ड पाहायला कोणी थांबत नाही. स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्गला जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं मोठं संग्रहालय आहे, तिथेही पाहुण्यांना वाजवण्यासाठी वेगळी खोली ठेवलेली आहे. आपल्याला शाळेचा एक वर्ग पुरे.

पहिलं काम: जमवाजमव

भजनी मंडळ, भीमगीतांच्या पार्ट्या, लग्नाचे बँडवाले, बंद पडलेले ऑर्केस्ट्रा आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या, एवढ्या ठिकाणी विचारा. महिनाभर आधी विचारायला लागा, कारण "आहे कुठंतरी माळ्यावर" या उत्तरानंतर वस्तू हाती यायला वेळ लागतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालाचे पॅड), इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला, पिकअप (तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा भाग) बसवलेला बेंजो, आवाज घुमवणारं एको मशीन, सगळं चालेल. पायपेटी कोणीतरी आणेलच. ती भात्याच्या हवेवर वाजते, विजेशी तिचा संबंध नाही, पण परत पाठवू नका. दाराशी ठेवली की पुढच्या यंत्रांनी कोणाची जागा घेतली ते आपोआप कळतं.

वस्तू घेताना साध्या कागदावर पावती करा: मालकाचं नाव, सोबत काय काय दिलं, कोणती पट्टी तुटलेली आहे. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. नात्यातल्या माणसालाही पावती द्या. किंबहुना त्यालाच आधी द्या.

दुसरं काम: प्लग लावण्याआधीची तपासणी

सगळा घोळ होतो तो इथेच. वीस वर्षं बंद असलेलं वाद्य "हे अजून वाजते का गा?" म्हणत कोणीतरी थेट बोर्डात खुपसतो आणि मग ते खरंच वाजत नाही.

आधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सेल गळलेले आहेत. साधे झिंक-कार्बन सेल असतील तर गळलेला द्रव आम्लधर्मी असतो. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून कापसाच्या काडीने पुसा. अल्कलाइन सेल असतील तर उलट, तिथे व्हिनेगर लागतं. दोन्हींत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला.

मग अडॅप्टर. तो हरवलेलाच असतो आणि बाजारात जो पहिला बसेल तो आणला जातो. जुन्या बऱ्याच कॅसिओंना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर लागतो. यामाहाच्या अनेक कीबोर्डांना १२ व्होल्टचा आणि मधली पिन धन असलेला. पिन दोन्हींत बसू शकते, पण उलट्या ध्रुवाने आतला भाग जळू शकतो. वाद्याच्या मागे भोकाजवळ छोटं चित्र असतं, ते वाचल्याशिवाय काही जोडू नका.

थेट वायर असलेल्या वाद्यावर १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ते जपानच्या घरगुती विजेसाठी बनलेलं आहे. आपल्या २३० व्होल्टवर ते लावायचंच नाही. मध्ये व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. आणि अशा वाद्याचं पोट स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते. तालुक्याच्या जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकला बोलवा. त्यालाही असं काम बऱ्याच दिवसांत मिळालेलं नसतं, आनंदाने येतो.

काही पट्ट्या वाजत नसतील तर बहुतेकदा खालच्या रबरी पट्टीवर धूळ बसलेली असते. धान मळणीच्या दिवसांत तर ती बसणारच. अल्कोहोलच्या बोळ्याने हलकं पुसा. पॉलिश पेपर मात्र लावू नका, रबराखालचा काळा कार्बनचा थर निघून जातो. आवाजाचं बटण खरखरत असेल तर बंद वाद्यात काँटॅक्ट क्लीनर मारून ते पुष्कळदा फिरवा.

तिसरं काम: मांडणी

किमतीप्रमाणे किंवा कंपनीप्रमाणे मांडू नका, वर्षाप्रमाणे मांडा. हाताशी नसलेल्या यंत्रांची नुसती पाटी भिंतीवर लावली तरी चालते, कारण गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन, जिच्यावर अजूनही वरातीत लोक लोळतात, ती पुंगीची नव्हे. कल्याणजींनी ती क्लेव्हिओलिन या फ्रेंच बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. ही पाटी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा, लोक इथेच थांबतात.

पुढे १९६९: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसला. १९८०: कॅसिओचा पहिला कीबोर्ड, कॅसिओटोन २०१. १९८२: मुंबईच्या चरणजित सिंह यांनी रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर राग वाजवून तबकडी काढली, तेव्हा ती खपली नाही, आज परदेशी नृत्यसंगीतवाले तिची पारायणं करतात. १९८३: यामाहाचा डिजिटल सिंथेसायझर, डीएक्स-७. १९८५: रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड.

गावातल्या वाद्याच्या पाटीवर मात्र याहून महत्त्वाचं लिहा: कोणी घेतलं, त्यासाठी काय विकलं, पहिल्यांदा कोणत्या नाटकाला वाजलं.

चौथं काम: वाजवणं

प्रत्येक वाद्यावर वेगळं गाणं नको. गावाला तोंडपाठ असलेल्या एकाच भजनाच्या चार ओळी सगळ्यांवर वाजवा, फरक कानाला लगेच कळतो. ऑक्टोपॅडच्या शेजारी खरी खंजिरी घेऊन एक माणूस बसवा आणि दोघांना एकाच ठेक्यावर सोडा. कोण जिंकतं यावर वाद होईल. होऊ द्या.

कॅसिओचा १९८६ चा एसके-१ कोणाकडे निघाला तर पोरांचं टेबल तिथेच मांडा. त्यात माइकवर दीडेक सेकंदाचा आवाज भरता येतो आणि मग तोच आवाज पट्ट्यांवर सुरात वाजतो. बैलाचं हंबरणंसुद्धा.

सगळी वाद्यं एकाच बोर्डावर लावू नका, स्टॅबिलायझर ठेवा. दिवे गेले तर सेलवर चालणारे दोन कीबोर्ड तयार असू द्या. नाटकाचे वाजवणारे संध्याकाळी रात्रीच्या तयारीला निघतील, त्यामुळे पाचच्या आत आटपा. दुसऱ्या दिवशी पावती पाहून वस्तू ज्याची त्याला घरपोच द्या, आणि देताना आतले सेल काढून वेगळ्या पिशवीत द्या.